खांबापाशी बसलेला फोटोग्राफर: सोलापुरातल्या एका खो-खो स्पर्धेचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथं गल्लीत शिरलं की आधी यंत्रमागांची खडखड ऐकू येते, तिथल्या एका शाळेच्या मैदानावर फेब्रुवारीत तीन दिवसांची निमंत्रित खो-खो स्पर्धा झाली. मुला-मुलींचे मिळून चौदा संघ होते, त्यातले बरेचसे जिल्ह्यातल्या तालुक्यांचे. सामने दुपारी साडेचारला सुरू व्हायचे ते रात्री दहापर्यंत प्रकाशझोतात चालायचे. मैदान मातीचं. रोज दुपारी टँकरनं पाणी मारायचे, तरी दोन सामने झाले की धूळ उडायला लागायचीच.

आयोजक मंडळानं फोटोचं काम एका तरुण फोटोग्राफरला दिलं होतं. लग्नाच्या कामात त्याचा हात चांगला बसलेला आहे, पण मैदानावर त्यानं कधी कॅमेरा नेला नव्हता. मी बरीच वर्षं मैदानावरचे फोटो काढतो आणि त्याला तो शिकत होता तेव्हापासून ओळखतो. पहिल्या दिवशी रात्री साडेअकराला त्याचा फोन आला, म्हणून हे प्रकरण मला जवळून बघायला मिळालं. त्याच्या आणि मंडळाच्या संमतीनं, नावं वगळून ते इथं मांडतोय.

मंडळाच्या अपेक्षेमागे एक कारण होतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला आणि आपल्या मातीतला खेळ घराघरात टीव्हीवर दिसला. तेव्हापासून आयोजकांना फोटो हवेत ते तसे. हवेत झेपावलेला खेळाडू, ताणलेला हात, डोळ्यांतली जिद्द. त्यांचं मागणं गैर नव्हतं. फक्त तो सगळा खेळ बंदिस्त स्टेडियममध्ये, मॅटवर, चित्रीकरणासाठीच लावलेल्या उजेडात झाला होता. इथं चार बाजूंना चार लोखंडी खांब आणि त्यांवर भाड्यानं आणलेले एलईडी झोत.

अडचण

पहिल्या दिवसाचे फोटो मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या स्टुडिओत बसून पाहिले. तीन हजारांच्या वर होते. रात्रभर जागून त्यानं त्यातले चाळीस निवडले होते, आणि त्या चाळीसांतला एकही त्याला स्वतःला आवडला नव्हता.

चुका वेगवेगळ्या होत्या, आणि त्या वेगळ्या करून बघणं हे पहिलं काम होतं. सगळं मिळून 'फोटो खराब आले' म्हटलं की माणूस नवी लेन्स घ्यायला निघतो.

पहिली चूक हललेल्या हातापायांची. त्यानं लग्नात वापरतो ती लांब पल्ल्याची झूम लावली होती. लांब टोकाला तिची फट, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान तेवढी फट मोठी). आयएसओची, म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा त्या आकड्याची, मर्यादा त्यानं १६०० ला बांधून ठेवली होती आणि बाकी कॅमेऱ्यावर सोडलं होतं. कॅमेऱ्यानं बिचाऱ्यानं रात्री शटर १/१६० धरलं, म्हणजे ते सेकंदाचा एकशेसाठावा भाग उघडं राहिलं. खेळाडू सेकंदाला सहा मीटर धावत असेल, तर तेवढ्या वेळात तो जवळजवळ चार सेंटीमीटर पुढे सरकतो. चेहऱ्यावर चार सेंटीमीटर म्हणजे नाक-डोळे पुसले गेले. १/१००० ला तेच सरकणं सहा मिलिमीटरवर येतं.

दुसरी चूक विचित्र होती आणि तिनं त्याला सगळ्यात जास्त घाबरवलं. रात्रीच्या एका पाठोपाठ घेतलेल्या फोटोंत एक उजळ, एक काळपट, एक पिवळसर, आणि काहींत आडवे पट्टे. त्याला वाटलं कॅमेरा बिघडला. बिघडलं काहीच नव्हतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा झोत सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतो. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर जलद झालं की कॅमेरा त्या लाटेचा एक छोटा तुकडाच टिपतो. कधी माथा मिळतो, कधी तळ. महागड्या दिव्यांच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, ही लाट दाबलेली असते, भाड्याच्या दिव्यांत बहुधा नसते.

तिसरी चूक मात्र कॅमेऱ्याच्या बाहेरची, आणि माझ्या मते हीच मूळ. तो मध्यरेषेच्या समोर, बाजूच्या कडेला उभा होता, पंगतीचा फोटो काढायला उभा राहतो तसा. खो-खोत आठ गडी एका ओळीत बसतात, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. कडेला उभं राहिलं की निम्म्या पाठीच दिसतात. त्यात तो 'खो' ऐकू आला की बटण दाबायचा. कानावर आवाज पडून बोट हलेपर्यंत पाव सेकंद जातो आणि तेवढ्यात पळती करणारी पोर दीड मीटर लांब गेलेली असते. त्याच्या फोटोंत 'खो' मिळून उठलेली खेळाडू जवळजवळ प्रत्येक वेळी पूर्ण उभी होती. उठतानाचा तो झटका, जिथं सगळं शरीर धनुष्यासारखं ताणतं, एकाही फोटोत नव्हता.

चौथी गोष्ट त्याची चूक नव्हती. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा या सगळ्यात चांगल्या उजेडाच्या वेळेत उद्घाटन, पाहुण्यांचं स्वागत, हार-शाल-श्रीफळ चाललं होतं आणि तो मंचासमोर होता. एक सामना तर दुसऱ्या डावात असताना त्याला मंचाकडे बोलावून घेतलं.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशीचा पहिला सामना सुरू व्हायला सहा तास होते. आम्ही वहीच्या पानावर एकेक पर्याय मांडला.

पुण्याहून ७०-२०० एफ २.८ लेन्स भाड्यानं मागवायची. त्याचा पहिला विचार हाच होता आणि गाडीनं ती संध्याकाळपर्यंत आलीही असती. मी विरोध केला. भाडं आणि अनामत धरली तर त्याच्या तीन दिवसांच्या मानधनातलं बरंचसं तिथंच गेलं असतं, शिवाय जड लेन्स हातात पहिल्यांदा घेऊन त्याच संध्याकाळी काम करणं अवघड. आणि उभं राहण्याची जागा तीच राहिली असती, तर जास्त स्पष्ट पाठी मिळाल्या असत्या.

फ्लॅश वापरायचा. हा पर्याय पाच मिनिटांत संपला. पाठलाग करणाऱ्याच्या डोळ्यांत ऐन क्षणी झगझगाट गेला तर खेळाडू पडू शकतो. पंचांनी पहिल्याच दिवशी नाही म्हणून सांगितलं होतं आणि ते योग्यच होतं.

शटर १/१०० वर ठेवायचं, म्हणजे प्रत्येक फोटोत लाटेचं एक पूर्ण आवर्तन येतं आणि पट्टे जातात. खरं आहे, पण हलणं परत येतं. बसलेल्या गड्यांच्या, प्रशिक्षकांच्या, प्रेक्षकांच्या फोटोंसाठी हे ठेवलं, धावण्यासाठी नाही.

आहे त्या सामानातून मार्ग काढायचा. त्याच्या बॅगेत ८५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स होती, नवरीचे एकटीचे फोटो काढायला घेतलेली. एफ ५.६ वरून एफ २ वर आलं की जवळपास आठपट प्रकाश आत येतो. शटर १/१६० वरून १/१००० ला नेताना सहापट प्रकाश जातो. म्हणजे आयएसओ न वाढवता हिशेब जमत होता. अडचण एकच, ही लेन्स जवळ-लांब होत नाही, त्यामुळे सगळं मैदान सोडून एक जागा पकडावी लागणार.

ती जागा कोणती, यावर आमची खरी चर्चा झाली. मी त्याला खेळाचा नियम समजावला. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा घेतली की मध्यरेषेच्या टोकाच्या खांबापर्यंत त्याला उलटं फिरता येत नाही, मध्यरेषा ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्हींची मुभा. म्हणून पळणारा कुठं जाईल हे कुणी सांगू शकत नाही, पण पाठलाग करणारा कुठं येईल हे बऱ्याचदा आधी कळतं. बऱ्याच चाली शेवटी खांबाशी येऊन सुटतात. एका हातानं खांब धरून शरीर झोकून दुसऱ्या हातानं गडी टिपायचा, हे दृश्य त्याच चार फुटांच्या खांबापाशी पुन्हा पुन्हा घडतं. फोटो काढणाऱ्याला यापेक्षा मोठी मदत कुठल्या खेळानं केली आहे, मला माहीत नाही.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, म्हणजे बाकीचं सगळं सोडून द्यायचं?" मी म्हटलं, "आज सोड."

काय केलं

मैदान पूर्व-पश्चिम आखलेलं होतं. सूर्य पश्चिमेला, म्हणून पश्चिमेच्या खांबामागे बसलं तर उजेड आपल्या पाठीवर आणि समोरून येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर. पावणेसहाला तो तिथं मांडी घालून बसला, आणि पाच मिनिटांत लक्षात आलं की त्याचीच लांब सावली खांबापर्यंत जाते आणि प्रत्येक फोटोत येते. मग तो कोपऱ्याकडे सरकला. लॉबीच्या, म्हणजे मैदानाभोवतीच्या मोकळ्या जागेच्या, बाहेर आणखी दोन-अडीच मीटर सोडून बसायला मी सांगितलं होतं, कारण खांबापलीकडे झेपावलेला खेळाडू थांबत नाही. तो तसा बसला, पण कॅमेऱ्याची बॅग लॉबीला लागून ठेवली. पंचांनी शिट्टी मारून खेळ थांबवला आणि ती उचलायला लावली. त्यांचं बरोबर होतं. एखाद्या मुलीचा पाय बॅगेच्या पट्ट्यात अडकला असता तर फोटोंना काय अर्थ राहिला असता?

फोकसची गंमत दुसऱ्या दिवशीच्या त्याच सामन्यात कळली. मी त्याला खांबावर फोकस पक्का करून ठेवायला सांगितलं होतं, कारण त्या गर्दीत कॅमेरा कुणाला धरेल याचा नेम नसतो. फोटो आले तेव्हा खांब धरलेली बोटं अशी स्पष्ट की नखांतली माती दिसावी, आणि चेहरा मऊ. सहा मीटरवरून, एफ २ ला, स्पष्ट दिसणारी जागा जेमतेम हातभर खोल असते. समोरून येणाऱ्या मुलीचा हात खांबावर असतो तेव्हा चेहरा त्याच्या मागे तेवढाच असतो. हा सल्ला माझा होता आणि अपुरा होता. मग दोन बदल केले. फट एफ २.८ केली, त्यासाठी आयएसओ दुप्पट वाढवला. आणि बसायची जागा आणखी बाजूला घेतली, म्हणजे हात आणि चेहरा कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्या अंतरावर येतात. यात काहीतरी गमवावं लागतं. अगदी समोरून दिसणारे डोळे जातात, अर्धा चेहरा उरतो. पण टिपणारी आणि निसटणारी अशा दोघी एकाच फोटोत स्पष्ट मिळतात, आणि खो-खो ही दोघांचीच गोष्ट आहे.

बटण कधी दाबायचं, याला त्यानं स्वतः उपाय शोधला, मला तो सुचला नव्हता. तो 'खो' मोजायला लागला. खांबाच्या शेजारी बसलेल्या मुलीला 'खो' मिळाला आणि पळणारी खांबाच्या बाजूनं असली की श्वास धरायचा, तीन-चारच फोटो घ्यायचे. कॅमेरा सेकंदाला सहा फोटो घेत असला तरी १/१००० च्या शटरला त्या सेकंदातले फक्त सहा हजारांश टिपले जातात. बाकीचं निसटतंच. धडाधड फोटो घेऊन क्षण सापडतो हा समज त्याच्या डोक्यातून या हिशेबानं गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं आठशेच्या आसपास फोटो घेतले.

पट्ट्यांसाठी दोन गोष्टी केल्या. त्याच्या कॅमेऱ्याच्या मेनूत फ्लिकर, म्हणजे दिव्यांच्या मंद-तेज होण्याचा परिणाम, कमी करायची सोय होती, ती त्यानं कधी उघडलीच नव्हती. ती चालू केली की कॅमेरा लाटेच्या माथ्याची वाट बघून शटर सोडतो. सलग फोटोंचा वेग थोडा उतरतो, पण उजेड एकसारखा मिळतो. दुसरी गोष्ट लायटिंगवाल्याशी बोलणं. दिव्यांचे चारही खांब त्यानं विजेच्या तीन फेजपैकी, म्हणजे तीन वेगळ्या वाहिन्यांपैकी, एकाच फेजवर घेतले होते. त्याला विचारलं तर म्हणाला, "एका फेजवर हाय, पण लोड बसतंय की." समजावून सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी, लाईन बंद असताना, त्यानं स्वतःच वाटणी करून तीन फेजवर जोडणी बदलली. एकाची लाट खाली असते तेव्हा दुसऱ्याची वर, त्यामुळे जिथं दिव्यांच्या दोन खांबांचा उजेड एकमेकांवर पडतो तिथं फरक दिसला. खेळाचा पश्चिमेचा खांब सुदैवानं तशाच जागी होता. मैदानाच्या मधोमध फारसा उपयोग झाला नाही.

मंडळाशी बोलणं मला सगळ्यात कठीण वाटत होतं, ते सगळ्यात सोपं निघालं. अध्यक्षांना पहिल्या दिवसाचे फोटो जसे होते तसे दाखवले. सत्कारासाठी फोटोग्राफरच्या चुलतभावाला दुसरा कॅमेरा आणि फ्लॅश देऊन मंचासमोर बसवायचं ठरलं. अंतिम सामना लवकर घ्यायला त्यांनी नकार दिला, पाहुणे आठला येणार होते. पण मुलींचा उपांत्य सामना त्यांनी सव्वापाचला ओढला.

आणखी एक निर्णय आमच्या वहीत नव्हताच. दुसऱ्या दिवशी एका शाळेच्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या मुलींचे फोटो ग्रुपवर टाकायच्या आधी मला दाखवा." झेप घेताना कपडे सरकतात, पडल्यावर शरीर कसंही दिसतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली आहेत. तेव्हापासून प्रत्येक सामन्यानंतर त्या-त्या संघाच्या प्रशिक्षकाला कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवायचे आणि त्यांनी नको म्हटलेला तिथंच पुसायचा, असं ठरलं. खेळाच्या दृष्टीनं उत्तम असे तीन फोटो यात गेले. त्याला वाईट वाटलं. मला अजिबात वाटलं नाही, आणि हे त्याला मी स्पष्ट सांगितलं.

काय हाती आलं

मंडळाला तीन दिवसांचे मिळून एकशेवीस फोटो दिले. त्यातले मोजून नऊ खरोखर चांगले होते. त्या नवांपैकी सहा मुलींच्या त्या सव्वापाचच्या सामन्यातले. म्हणजे मेनूतली सोय, फेजची वाटणी, लेन्सचा हिशेब हे सगळं उपयोगी पडलंच, पण अध्यक्षांनी एक सामना पाऊण तास अलीकडे ओढला त्यानं जेवढं दिलं, तेवढं दुसऱ्या कशानं दिलं नाही. उजेड मागून घेता येतो, हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

सगळ्यात चांगला फोटो सहा वाजून दहा मिनिटांचा. खांब डाव्या हातात, मुलीचं सगळं अंग जमिनीला समांतर, उजव्या हाताची बोटं समोरच्या मुलीच्या पाठीपासून वीतभर लांब. पळणारी मान वळवून बघतेय. मागे बसलेल्या आठहीजणी एकाच दिशेला बघताहेत. तळपायाखालून उडालेली माती हवेत थांबली आहे. अंतिम सामन्याचा एकही फोटो याच्या जवळ जात नाही, आणि मंडळाला नेमका अंतिम सामन्याचाच मोठा फोटो हवा होता. शेवटी त्यांच्या फ्लेक्सवर चषक उंचावलेला फोटो गेला, चुलतभावानं फ्लॅश मारून काढलेला.

आता पुन्हा केलं तर

आदल्या दिवशी रात्री सातला मैदानावर जाऊन दिवे लावायला सांगायचे आणि चार फोटो घेऊन बघायचे. अर्ध्या तासात पट्टे दिसले असते आणि पहिला दिवस वाचला असता. वेळापत्रक ठरतानाच आयोजकांशी बसायचं. सूर्य कुठल्या बाजूला मावळतो हे विचारून खांब आखले जात नाहीत, पण कुठला सामना कधी, हे त्यांच्या हातात असतं.

दोन्ही रात्री तो पश्चिमेच्या खांबाला चिकटून राहिला, हे मला आता चुकीचं वाटतं. 'आज सोड' हा माझा सल्ला दुसऱ्या दिवसापुरता ठीक होता. तिसऱ्या दिवशी हात बसल्यावर त्याला पूर्वेच्या टोकाला पाठवायला हवं होतं. मावळतीच्या उजेडात धूळ मागून पेटते, आणि तो फोटो फक्त तिकडून मिळतो. चेहरे काळे पडतात, पण आकृत्या बोलतात. बसलेल्या गड्यांचे डोळे, बाद होऊन बाहेर येणाऱ्या मुलीचा चेहरा, प्रशिक्षकाची मूठ, हेही सगळं राहून गेलं.

आणि नावं. गुणपत्रकावर खेळाडूंचे क्रमांक आणि नावं दोन्ही असतात. प्रत्येक सामन्याआधी त्याचा मोबाईलवर एक फोटो घेतला असता तर पुरलं असतं. उघड ग्रुपवर नावं टाकायची नव्हतीच, पण आपल्यापाशी हवी होती. त्या सहा वाजून दहाच्या फोटोतल्या, खांब धरलेल्या मुलीचं नाव शोधायला चार दिवस आणि कितीतरी फोन लागले. तिची आई स्टुडिओत आली, विडी कारखान्यातून सुटून थेट. बारा बाय अठराची प्रत तिनं दोन्ही हातांनी धरून खिडकीपाशी नेली आणि बराच वेळ बघत राहिली. पैसे विचारले, त्यानं घेतले नाहीत. मग तिनं पळणाऱ्या मुलीवर बोट ठेवलं.

"आन् ही दुसरी पोर कोण हाय ओ?"

त्या मुलीच्या पाठीवरचा क्रमांक वळलेल्या अंगामुळे अर्धाच दिसतो. तीन किंवा आठ. तिच्या संघाचे प्रशिक्षक सांगतात, तीनवाली आणि आठवाली दोघी त्या तुकडीत होत्या आणि दोघींच्या वेण्या सारख्याच. त्यानं तिच्यासाठीही एक प्रत काढून ठेवली आहे. ती पाकिटात, स्टुडिओच्या टेबलाच्या वरच्या खणात आहे.